एकच इंडेक्स प्लेट असताना २२, २४, ३१ आणि ५१ भाग कसे पाडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडे गावातच लेथचं दुकान आहे, जुनी मिलिंग मशीन घेतली, सोबत डिव्हायडिंग हेड (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मोजून फिरवत सारखे भाग पाडायचं साधन) मिळालं. प्लेट (हेडच्या हँडलची, म्हणजे क्रँकची, पिन अडकवायची भोकांची चकती) मात्र एकच, तिच्यावर १५, १६, १७, १८, १९ आणि २० भोकांची वर्तुळं. कामं चार. कडबा कुट्टीचा २४ दातांचा गियर, दालमिलचा ३१ चा, रसवंतीच्या चरकाचा ५१ चा आणि पेरणी यंत्राची २२ खाचांची तबकडी. बाकीच्या प्लेटा न घेता हे जमेल का?

जमेल भाऊ, चारही जमतील. पण चारही एकाच पद्धतीनं करायला जाऊ नका. तबकडीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर बी दोन सूत मागेपुढे पडेल, पीक काही बोंबलणार नाही. गियरला तेवढा फरक चालत नाही.

आधी हेडचं प्रमाण तपासा. जॉब पकडणाऱ्या चकवर आणि बॉडीवर खडूनं समोरासमोर खूण करा, क्रँक फिरवा आणि चकचा एक पूर्ण फेरा व्हायला किती वेढे लागतात ते मोजा. बहुतेक हेडला ४० लागतात, पुढचा सगळा हिशेब ४० चा धरून आहे. रोटरी टेबल असेल तर तिथं ९० सुद्धा असतात, मग सगळे आकडे बदलतात. त्याचा एक फायदाही आहे: ९० ला ५१ नं भागलं की १ वेढा आणि १३/१७ येतो, म्हणजे ५१ दात सरळ तुमच्या १७ च्या वर्तुळावर निघतात.

मूळ सूत्र तुम्हाला आयटीआयमध्ये शिकवलंच असेल. ४० भागिले दात, म्हणजे एका दातासाठी क्रँकचे वेढे. २४ साठी ४०/२४, म्हणजे १ पूर्ण वेढा आणि २/३. हे २/३ तुमच्या प्लेटवर दोन जागी बसतं: १५ च्या वर्तुळावर १० भोकं, १८ च्या वर्तुळावर १२. मोठं वर्तुळ घ्या, म्हणजे १८. भोक मध्यापासून जितकं लांब तितकी त्याच्या जागेतली चूक कोनात कमी दिसते.

इथं नवीन माणूस हमखास फसतो तो सेक्टर आर्मवर, म्हणजे भोकं मोजायला प्लेटवर असलेल्या दोन सरकत्या पट्ट्यांवर. १२ भोकं पुढे जायचं म्हणजे १२ अंतरं. पिन ज्या भोकात बसली आहे ते भोक शून्य. म्हणून दोन आर्मच्या मध्ये पिनच्या भोकासकट १३ भोकं दिसली पाहिजेत. १२ दिसली तर तुम्ही प्रत्येक वेळी एक भोक कमी जाल आणि शेवटचा दात भलत्याच ठिकाणी येईल. ही चूक निदान लगेच कळते. एखाद्याच दाताला एक भोक चुकलं तर कळत नाही. १८ च्या वर्तुळावर एक भोक म्हणजे जॉबवर अर्धा अंश. ३ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) २४ दाती गियरवर तो फरक ०.३ मिमीच्या आसपास येतो. डोळ्याला दिसत नाही, पण मशीनमध्ये बसवला की गियर ओरडतो आणि मग गिऱ्हाईक ओरडतं. क्रँक फिरवून पिन बसली की लगेच आर्म पुढे सरकवा, पिनला टेकवा. चहा घेऊन आल्यावर सरकवू म्हणाल तर सरकवला होता की नव्हता हेच आठवत नाही.

तबकडीचं सांगतो, कारण मृगाच्या तोंडावर तीच आधी लागणार. २२ साठी ११ च्या पटीतलं वर्तुळ लागतं, साधारण ३३, ते तुमच्याकडे नाही. एक-दोन तबकड्याच हव्या असतील तर हेड बाजूला ठेवा, कंपासनं करा. १४० मिमीच्या वर्तुळावर २२ खाचा असतील तर कंपासचं अंतर: व्यास गुणिले साइन (१८० भागिले २२), म्हणजे १९.९२ मिमी. सरळ २० घेतलं तर २२ पावलांत पावणेदोन मिलिमीटर चुकतं, कारण कंपासची चूक प्रत्येक पावलाला मागच्या चुकीवर चढत जाते. म्हणून एकाच दिशेनं गोल फिरू नका. आधी व्यास मारून वर्तुळाचे दोन अर्धे करा, मग प्रत्येक अर्ध्यात ११ पावलं टाका. साचणारी चूक निम्मी होते. उरलेला फरक ११ नं भागून कंपास तेवढा उघडा किंवा मिटवा आणि पुन्हा फिरा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जुळतं. तबकडीत अंतरापेक्षा खाचेच्या मापाकडे जास्त लक्ष द्या. सोयाबीनचा मोठा दाणा अडकला की तबकडी फिरते पण बी पडत नाही.

आठ-दहा तबकड्यांची ऑर्डर असेल तर लेथचाच वापर करा. थ्रेडिंगसाठी लेथसोबत चेंज गियर येतात, बहुतेक सेटमध्ये २० पासून १२० पर्यंत पाच-पाचच्या फरकानं. त्यातला ११० दातांचा गियर काढा, लेथच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला खाचा पाडलेल्या बुशवर बोल्टनं ताणून घट्ट बसवा, आणि दर पाचव्या दातात व्ही-टोकाची स्प्रिंगची पिन घाला. ११० भागिले ५, बरोबर २२. पिनचा ब्रॅकेट चेंज गियरच्या चौकटीवर बोल्टनं आवळला की झालं. गियर थेट स्पिंडलवर पाहिजे. मध्ये टंबलर (दिशा बदलणारे गियर) किंवा दुसरे गियर आले की त्यांच्यातली ढील जॉबमध्ये उतरते. आणि पिन अडकवण्याआधी मोटरचा मेन स्विच पाडा. नुसतं लिव्हर न्यूट्रलला ठेवून भागत नाही. कोणी सवयीनं बटण दाबलं तर गियरचे दात तरी जातील नाही तर बोट. याच पद्धतीनं १२० च्या गियरवर २४ भागही पडतात, दर पाच दातांनी.

आता ३१ आणि ५१. हे खरे अडचणीचे.

त्याआधी जुना गियर पुन्हा मोजून घ्या. तुटक्या गियरवर पहिल्या दाताला खडू लावून दोनदा मोजायचं. ३१ आला म्हणून मोजण्यात चूक झाली असं समजू नका. बनवणारे मुद्दाम असा आकडा घेतात, म्हणजे पिनियनचा तोच दात गियरच्या त्याच दातावर पुन्हा पुन्हा येत नाही आणि झीज सगळीकडे सारखी होते.

तुमचं हेड युनिव्हर्सल आहे का ते बघा. स्पिंडलच्या मागच्या टोकात मँड्रेल (गियर बसवायचा दांडा) बसायला टेपर भोक आहे का, बाजूला गियर लावायला शाफ्टचं टोक बाहेर आलंय का, आणि प्लेटचा लॉक सोडता येतो का, हे तीन प्रश्न. तिन्हींचं उत्तर हो असेल तर डिफरन्शियल इंडेक्सिंगनं दोन्ही गियर तुमच्या आहे त्याच प्लेटवर निघतात. पद्धत अशी: जवळचा सोपा आकडा धरायचा, त्याप्रमाणे क्रँक फिरवायची, आणि राहिलेला फरक स्पिंडलवरून गियर घेऊन प्लेटच हळूहळू फिरवून भरून काढायचा. गियरचं प्रमाण म्हणजे धरलेला आकडा वजा खरा आकडा, गुणिले ४०, भागिले धरलेला आकडा.

३१ साठी ३० धरा. क्रँक १ वेढा आणि १५ च्या वर्तुळावर ५ भोकं. प्रमाण वजा ४/३. म्हणजे स्पिंडलवर ४० चा गियर, वर्मच्या बाजूला (बाहेर आलेल्या त्या शाफ्टवर) ३० चा. लेथचे चेंज गियर बोअरला बुश घालून इथं चालतात, मॉड्यूल दोघांचा एक असला म्हणजे झालं. ५१ साठी ५० धरा. क्रँक १५ वर १२ भोकं, प्रमाण वजा ४/५, म्हणजे स्पिंडलवर ४० आणि वर्मकडे ५०. दोन्हीकडे वजा आहे, म्हणून क्रँक ज्या दिशेला फिरते त्याच्या उलट प्लेट फिरली पाहिजे. त्यासाठी मध्ये आयडलर (फक्त दिशा बदलणारे मधले गियर) किती लागतात ते हेडच्या बनावटीवर आहे. पुस्तक बघण्यापेक्षा प्लेटचा लॉक सोडून क्रँक फिरवा आणि प्लेट कुठल्या दिशेला सरकते ते डोळ्यानं बघा. आयडलर एक कमी-जास्त झाला तर प्लेट क्रँकच्याच दिशेनं पळते आणि ३१ च्या जागी २९ दात पडतात, ५१ च्या जागी ४९. हेच आकडे आले तर चूक कुठं आहे हे शोधत बसायला नको.

हेड साधं असेल तर ५१ साठी दुसरी वाट आहे. ५१ म्हणजे १७ तीनदा. आधी फक्त १७ दात पाडा: २ वेढे आणि १७ वर ६ भोकं. मग जॉब बरोबर एक तृतीयांश फेरा पुढे न्या, म्हणजे क्रँकचे १३ वेढे आणि १५ वर ५ भोकं. पुन्हा १७ पाडा. पुन्हा एक तृतीयांश, पुन्हा १७. १७ ला ३ नं भाग जात नाही म्हणून तिन्ही फेऱ्या एकमेकींच्या मधोमध येतात, एकही जागा दोनदा येत नाही. अडचण येते ती १७ च्या वर्तुळावरून १५ वर आणि परत जाताना, कारण दोन्ही वर्तुळांची भोकं एका रेषेत नसतात. तेव्हा स्पिंडल लॉक करायचा, प्लेट ढिली करायची, पिन १५ च्या वर्तुळावर सरकवायची, प्लेट हातानं फिरवून जवळचं भोक पिनखाली आणायचं, पिन बसली की प्लेट आवळायची, मग स्पिंडल सोडायचा. परत येताना तेच उलट. स्पिंडल लॉक केलेला नसेल तर प्लेट फिरवताना जॉब केसभर हलतो आणि कळतसुद्धा नाही. प्लेट बॉडीला स्क्रूनं पक्की जखडलेली असेल तर ही युक्ती चालत नाही.

कंपाउंड इंडेक्सिंगनंही ५१ येतो, १५ वर १० भोकं आणि त्याच दिशेनं प्लेटसकट १७ वर २ भोकं. त्यासाठी प्लेटच्या मागची पिन १७ च्या वर्तुळावर सरकवता आली पाहिजे, आणि पुष्कळ हेडला ती एकाच जागी पक्की असते. माझं मत विचाराल तर सोडून द्या. प्रत्येक दाताला दोनदा मोजायचं, म्हणजे चुकायच्या जागाही दुप्पट.

३१ ला यातली कुठलीच वाट नाही, तो मूळ आकडा. डिफरन्शियल नसेल तर प्लेटच बनवावी लागेल. लोक इथंच कच खातात, की हातानं पाडलेल्या भोकांची प्लेट काय कामाची. हिशेब करून बघा. १२० मिमीच्या वर्तुळावर तुमचं एखादं भोक ०.३ मिमी चुकलं, म्हणजे उघड्या डोळ्याला दिसेल इतकं. क्रँक आणि स्पिंडल यांच्यात ४० चं प्रमाण आहे, तर ती चूक जॉबवर चाळीस पटीनं कमी होऊन पोचते. १०० मिमी व्यासाच्या गियरवर ती ०.००६ मिमी उरते. रसवंती किंवा दालमिलच्या गियरला याच्या कितीतरी पट जास्त चालतं. आणि ही चूक साचत नाही, कारण प्रत्येक भोकाची चूक त्या भोकापुरतीच राहते. कंपासच्या पावलांची चूक साचते ती प्लेट आखताना, म्हणून काळजी आखताना घ्यायची.

प्लेटसाठी ६ मिमी जाड एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा घ्या. लेथवर एकाच सेटिंगमध्ये तोंड साफ करा, बोअर जुन्या प्लेटच्या मापाचा काढा आणि चकमधून न काढता टूलच्या टोकानं पिनचं वर्तुळ आखा. चक सोडून मग वर्तुळ मारलं तर बोअर एकीकडे, वर्तुळ दुसरीकडे. वर्तुळाचा व्यास क्रँकच्या खाचेत पिन जिथपर्यंत सरकते त्याच्या आत ठेवा. १२० मिमी धरला तर ३१ भोकांचं अंतर १२.१४ मिमी येतं. कंपास ०.०५ नं चुकला तरी ३१ पावलांत दीड मिलिमीटर जातो आणि ३१ चे दोन सारखे अर्धे होत नाहीत. म्हणून इथं कंपासपेक्षा छापील कागद बरा. संगणकावर ३१ भागांचं वर्तुळ काढून तालुक्याला प्रिंट काढा, छापताना माप शंभर टक्के ठेवायला सांगा, आणि प्रिंट हातात आल्यावर उभा आणि आडवा दोन्ही व्यास मोजा. काही प्रिंटर एका बाजूला कागद ओढतात, मग वर्तुळ अंड्यासारखं होतं. दोन्ही माप सारखी असली तरच पातळ डिंकानं चिकटवा, सुरकुती राहू देऊ नका, आणि भिंग लावून सेंटर पंच मारा.

प्रिंटची सोय नसेल तर सायकलची चेन. सायकलच्या चेनचा पिच १२.७ मिमी असतो. ३१ कड्यांची चेन जोडता येत नाही, आतली आणि बाहेरची कडी आलटूनपालटून येतात म्हणून आकडा सम लागतो. ६२ कड्या घ्या आणि दर दुसरी मोजा. चेन ३ मिमी पत्र्याच्या चकतीवर घट्ट बसली पाहिजे, रोलर चकतीच्या कडेवर टेकून. ६२ कड्यांना रोलरच्या मध्यातून जाणारा व्यास २५०.७ मिमी येतो, त्यातून कॅलिपरनं मोजलेला रोलरचा व्यास वजा केला की चकतीचं माप. चकती थोडी मोठी ठेवून चेन गच्च होईपर्यंत कड घासत आणा. नवीन चेन घ्या, जुनी ताणलेली असते आणि सगळीकडे सारखी ताणलेली नसते. मग चकती आणि प्लेट एकाच मँड्रेलवर बसवून चेनच्या रोलरमध्ये टोक अडकवत प्लेटवर खुणा करा.

भोक पाडताना आधी सेंटर ड्रिल, मग अडीचचं, मग पिनच्या मापापेक्षा थोडं कमी, शेवटी रीमर. एकदम मोठं ड्रिल लावलं तर ते पंच सोडून भरकटतं. आणखी चांगली प्लेट हवी असेल तर हीच कच्ची प्लेट हेडला लावा आणि तिच्यावरून दुसरी ३१ ची प्लेट ड्रिल करा. पहिलीत ०.३ मिमी चूक असेल तर त्याच व्यासावर दुसरीत ती ०.००७५ उरते. हात लागलेलाच आहे तर आतल्या वर्तुळावर ३३ पण पाडून ठेवा, पुढच्या हंगामात २२ ची तबकडी सरळ हेडवर निघेल: १ वेढा आणि २७ भोकं.

एक लक्षात ठेवा, चाळीस पट कमी होते ती फक्त प्लेटची चूक. वर्मव्हील (क्रँकच्या वर्मनं फिरणारं स्पिंडलवरचं चाक) झिजलेलं असेल तर ते जसंच्या तसं जॉबवर येतं, आणि ब्लँकचा (दात पाडायच्या गोल तुकड्याचा) मध्य मँड्रेलवर ०.०५ मिमी सरकलेला असेल तर गोल फिरताना दातांच्या जागेत ०.१ पर्यंत फरक पडतो. म्हणजे प्लेटच्या चुकीच्या पंधरा-सोळा पट. तेव्हा प्लेटवर दिवस घालवून ब्लँकला डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) न लावणं म्हणजे उलटी गंगा.

कापताना क्रँक नेहमी एकाच दिशेनं. भोक ओलांडून पुढे गेलात तर नुसतं मागे आणून पिन घालू नका, अर्धा वेढा मागे जाऊन परत त्याच दिशेनं या, नाहीतर वर्मची ढील त्या एका दातात उतरते. पिन बसली की स्पिंडल लॉक, कापून झालं की लॉक सोडून मगच क्रँक. लॉक न सोडता जोर लावला की वर्मव्हीलचे दात घासतात, आणि जुन्या हेडमध्ये तेवढीच एक गोष्ट महाग आहे. थ्री फेज कधीही जाते हे धरून चाला. कटर जॉबमध्ये असताना लाइट गेली तर क्रँकला हात लावू नका, टेबल मागे घेऊन कटर बाहेर काढा. आणि प्रत्येक दात झाला की भिंतीवर खडूची रेघ.

पूर्ण खोलीला जाण्याआधी कटर नुसता टेकवून सगळीकडे बारीक खूण करून घ्या आणि खुणा मोजा. शेवटची खूण आणि पहिली यांच्यातलं अंतर बाकीच्यांसारखं असलं तरच पुढे जा. ५१ दातांचा ब्लँक वाया गेला तर बीड (ओतीव लोखंड) आणि टर्निंग दोन्ही पाण्यात.

कटर घेताना नंबरवर विश्वास ठेवू नका. इंची मापाच्या कटरमध्ये ५१ दातांना ३ नंबर, ३१ ला ४, २४ ला ५. मॉड्यूलच्या पुष्कळ कटरमध्ये नंबर बरोबर उलटे असतात, १ नंबर सगळ्यात कमी दातांचा. कटरवर कोरलेली दातांची मर्यादा वाचा: २४ साठी २१ ते २५, ३१ साठी २६ ते ३४, ५१ साठी ३५ ते ५४. खोली मॉड्यूलच्या सव्वादोन पट.

पुढेमागे अमरावती-नागपूरला जाणं झालंच तर पूर्ण सेट न मागता फक्त दुसरी प्लेट मागा, २१, २३, २७, २९, ३१, ३३ ची. २२ आणि ३१ दोन्ही तिच्यावर सरळ निघतात. जाताना जुनी प्लेट सोबत न्या आणि मधला बोअर, स्क्रूच्या भोकांची जागा आणि पिनच्या भोकाचा व्यास दुकानातच जुळवून बघा. दिसायला सारख्या प्लेटा स्क्रूच्या भोकांत फसवतात.